देवाची करणी नव्हे

ऑक्टोबर २०१०. पुण्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार, आत तिघं सहकारी, गाडी त्यांच्यातल्याच एकाची. वाटेत मागचं चाक फुटलं, गाडी रस्ता सोडून खोल खड्ड्यात गेली आणि तिघांपैकी एक जण जागीच गेला. कुटुंबाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे सव्वा कोटी रुपये मंजूर केले. त्या आदेशाविरुद्ध विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचा एक मुद्दा असा होता की टायर फुटणं ही देवाची करणी आहे, त्याला चालक काय करणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते अपील फेटाळलं. देवाची करणी म्हणायची ती निसर्गातल्या अशा भीषण घटनेला, जिची चाहूल लागत नाही आणि जिला कोणीही माणूस जबाबदार नसतो. टायर फुटणं त्यात बसत नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा या निकालाचा आशय. भरधाव वेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले जुने टायर, तापमान अशी टायर फुटण्याची कारणं न्यायालयाने नावानिशी सांगितली. प्रवासाला निघण्याआधी टायरची अवस्था पाहणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असंही स्पष्ट केलं.

निकालाची बातमी झाली, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराने हा निकाल समजून घ्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्याकडे ‘टायर फुटून गाडी उलटली’ एवढं छापून आलं की पुढे कोणी विचारत नाही. टायर किती जुना होता, हवा शेवटची कधी तपासली होती, गाडीत माणसं किती आणि सामान किती होतं, हे प्रश्न तिथेच विरतात. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. तेव्हाही पहिल्या काही तासांत टायर फुटल्याचंच कारण पुढे आलं होतं. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नाही. हे कारण इतकं अंगवळणी पडलंय की टायर फुटला नसला तरी ते सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं.

कायदा याबाबत गुळमुळीत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० म्हणतं की गाडीत धोकादायक दोष असताना जो ती सार्वजनिक जागी चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तो गुन्हेगार. दोष त्याला माहीत असायलाच हवा असंही नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो कळला असता, तो दोषही त्याच्याच माथी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी दीड हजार रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झालं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर प्रकरण या कायद्यापुरतं राहत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम १०६ लागू शकतं आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या दंडविधानात ही मर्यादा दोन वर्षांची होती.

टायर ‘चांगला’ कधी आणि ‘खराब’ कधी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमात लिहिलेलं आहे. आतलं कापड उघडं पडलेलं नको, नक्षीचा थर सुटत चालल्याची लक्षणं नकोत आणि खाचांची खोली मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर. खोली मोजायला साधन हवंच असंही नाही. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण कोरलेला असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी पाहिलं की रबराचा एक आडवा उंचवटा दिसतो. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्याला येऊन मिळाली, की टायर कायद्याने संपला.

पण हे पाहतं कोण? खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बस, ट्रक, टॅक्सी यांना ठरावीक मुदतीने फिटनेससाठी आरटीओसमोर उभं राहावं लागतं. घरच्या मोटारीला पंधरा वर्षं भरेपर्यंत ती सक्ती नाही. पीयूसीला आपण जातो, तिथे धूर मोजतात, गाडीचा फोटो काढतात, चाकांकडे कोणी वाकूनही बघत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षं झालेल्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि त्यात टायर पाहिले जातात. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. आपल्याकडे शोरूममधून बाहेर पडलेली मोटार पंधरा वर्षांत एकदाही सरकारी नजरेखालून न जाता रस्त्यावर राहू शकते. म्हणजे कायद्याने ही सगळी काळजी मालकावर सोपवली आहे, आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही.

मुंबई-नाशिक रस्त्यालगतच्या एका टायरच्या दुकानात पाहिलेलं एक चाक मला विसरता येत नाही. जॅकवर चढवलेली चांगली ठेवलेली मोटार होती, धुतलेली, आत सीटकव्हर नवी. मालक अलाइनमेंटसाठी आले होते, कारण स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. उभं राहून पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरची नक्षी व्यवस्थित दिसत होती. कारागिराने चाक खोलून जमिनीवर आडवं टाकलं, आतली बाजू वर केली, आणि त्या कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्यात रबर शिल्लकच नव्हतं. केसांसारख्या बारीक पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या, दोन-तीन तुटून वर आल्या होत्या. कारागिराने अंगठा त्यांच्याजवळ नेला आणि टोचेल म्हणून मागे घेतला. त्याच टायरवर ती गाडी आदल्या दिवशी कसारा घाट चढून-उतरून आली होती.

अलाइनमेंट बिघडली की टायर आतल्या कडेने झिजू शकतो आणि उभ्या माणसाला ती कड दिसत नाही. दिसायची असेल तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, खाली बसायचं आणि टायरच्या आतल्या अंगावरून नजर आणि हात फिरवायचा. मग दुसऱ्या बाजूला वळवायचं. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा टॉर्च लागतो. हात फिरवताना कडेला कुठे फुगा लागतो का तेही कळतं. पावसाळ्यात खड्ड्यात चाक आदळलं की टायरच्या भिंतीतले धागे तुटतात आणि तिथे हवेच्या दाबाने रबर बाहेर येतं. हा फुगा दुरुस्त होत नाही. ‘अजून हजार-दोन हजार किलोमीटर निघतील’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. भिंतीला पडलेल्या पंक्चरचंही तसंच. मधल्या नक्षीत खिळा घुसला तर पंक्चर निघतं, भिंतीत घुसला तर टायर बदलायचा.

उन्हाळ्याच्या बाबतीत एक समजूत अशी काही घट्ट बसली आहे की ती मोडताना टायरवालेही थकतात. एप्रिल उजाडला की पंपावर गिऱ्हाईक म्हणतं, ‘दादा, दोन पॉइंट कमीच ठेवा, ऊन आहे, फुटायला नको.’ हेतू चांगला, पण परिणाम उलटा. टायर फुटतो तो बहुतेक वेळा आतल्या उष्णतेने, आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो.

कसं ते पाहू. मोटारीचा साधारण १६ इंची चाकाचा टायर एका फेऱ्यात जवळपास दोन मीटर जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला सतरा फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो गाडीच्या वजनाने दबतो आणि सुटला की पूर्ववत होतो. म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा वाकतो, तासाला साठ हजारांहून जास्त वेळा. हवा योग्य असेल तर हे वाकणं थोडं असतं. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते आणि त्या वाकण्याची उष्णता रबरात साठत जाते. रबर उष्णता लवकर सोडत नाही. एका मर्यादेपलीकडे रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांमधली पकड सुटते, नक्षीचा थर उकलतो आणि टायर फाटतो. हे सगळं आत घडतं, बाहेरून काही दिसत नाही. घाटात किंवा गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर वेग अधूनमधून उतरतो, टायरला उसंत मिळते. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर ती मिळत नाही. मेच्या दुपारी वाशीम, बुलढाण्याच्या पट्ट्यातून १२० च्या वेगाने सलग दोन-तीन तास गाडी हाकली, की कमी हवेचा टायर ज्या अवस्थेला पोचतो, ती त्याच टायरने जुन्या रस्त्यावर कधी पाहिलेली नसते. वर गाडीत पाच माणसं आणि डिकीत बॅगा असतात, त्याने भिंत आणखी वाकते.

मग उन्हाने वाढणाऱ्या दाबाचं काय? तो वाढतोच. वीस अंशांच्या पहाटे ३२ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांच्या दुपारी उभ्या उभ्या ३६ च्या आसपास दाखवेल. पळाल्यावर आणखी वाढेल. टायर बनवणाऱ्यांनी हे सगळं गृहीत धरलेलं असतं. म्हणूनच गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा हा थंड टायरचा असतो. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना, त्या आकड्याएवढी हवा भरायची आणि दिवसभरात वाढेल ती वाढू द्यायची. आपण करतो उलटंच. प्रवासात मध्येच पंपावर थांबतो, तापलेल्या टायरचा ३६ चा आकडा पाहून घाबरतो आणि चार पॉइंट सोडून देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८ वर असतो. गाडी त्याच हवेवर पुढच्या प्रवासाला निघते आणि ‘काळजी घेतली’ याचं समाधान मालकाला असतं.

हा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दरवाजाच्या खांबावर चिकटवलेला असतो, काहींत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यात दोन रकाने असतात: एक-दोन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा, दाब जास्त असलेला. दिवाळीत फराळाचे डबे, बॅगा, आजी-आजोबा आणि मुलं घेऊन कोकणात निघायचं असेल तर दुसरा रकाना पाहायचा. टायरच्या भिंतीवर कोरलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तुमच्या गाडीला लागणारा दाब नव्हे. दोन्हींची गल्लत बरेच जण करतात. नायट्रोजनचाही पुष्कळ गाजावाजा असतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निव्वळ नायट्रोजन कोरडा असतो आणि दाब थोडा हळू उतरतो, एवढाच त्याचा फायदा. नायट्रोजन भरलाय म्हणून महिनोन्महिने दाब न पाहणाऱ्याला तोही वाचवणार नाही.

२०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशमार्गांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. लोकांनी कुरकुर केली. माझ्या मते तो त्या वर्षीचा सर्वांत शहाणपणाचा सरकारी निर्णय होता. फक्त तो एका रस्त्यापुरता राहिला. त्याच गाड्या मुंबई-गोवा रस्त्यावर, पुणे-कोल्हापूर रस्त्यावर बिनदिक्कत जातात.

पावसाळ्याचं गणित वेगळं. चारी चाकं मिळून गाडी जमिनीला जेवढी टेकते, ती जागा चार तळहातांएवढी. पावसात त्या तळहातांखालचं पाणी बाजूला सारण्याचं काम खाचा करतात. खाच उथळ झाली की पाणी बाहेर पडायला वाव राहत नाही, चाकापुढे पाण्याची पाचर तयार होते आणि एका वेगाला टायर जमीन सोडून पाण्यावर चढतो. स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबला तरी काही होत नाही. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून एक साधं सूत्र निघालं, ज्यात हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला आहे. त्या सूत्राने ३२ पीएसआयचा टायर खोल पाण्यात ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास जमीन सोडतो, २२ पीएसआयचा टायर ७८ च्या आसपासच. मोटारीच्या टायरचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, नक्षी आणि रुंदी यांनी आकडे हलतात. पण कमी हवा पावसातही घातकच, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

नव्या मोटारीच्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोल खाच असते. कायदा १.६ ला थांबवतो. या दोन आकड्यांमधली सगळी जागा सारखी सुरक्षित नाही. कोरड्या रस्त्यावर दोन मिलिमीटरचा टायर चांगला धावतो, ब्रेकही लागतो, म्हणून मालकाला शंका येत नाही. तोच टायर जुलैत, खंडाळ्याला रस्त्यावरून पाणी वाहत असताना, कायद्याच्या आत असूनही बेभरवशाचा असतो. यासाठी मेच्या शेवटी खोली मोजावी आणि तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाळा त्याच टायरवर काढू नये. टायर पुढे दिवाळीपर्यंत टिकेल का, हा हिशेब चुकीचा आहे. संपत आलेला टायर कधी वापरायचाच असेल तर तो जानेवारीत वापरावा. पहिल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला हवं. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि धूळ जूनच्या पहिल्या सरींत वर येते आणि काही वेळ रस्ता मुसळधार पावसापेक्षाही जास्त निसरडा होतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर ते मागे लावावेत. आपल्याकडच्या बहुतेक मोटारी पुढच्या चाकांवर ओढतात, म्हणून दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही नवे टायर पुढे लावतात. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी झाला की पुन्हा ताब्यात येते, आणि स्टिअरिंगमधून चालकाला त्याची जाणीव होते. मागची चाकं घसरली तर गाडीचा मागचा भाग फिरतो, आणि भोवंडलेली गाडी सावरणं सरावलेल्या चालकालाही अवघड जातं. पाण्यावर गाडी चढल्यासारखी वाटली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावं, ब्रेक कचकन दाबू नये. क्रूझ कंट्रोल पावसात लावूच नये.

टायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ‘कितीला बसेल’ आणि दुसरा ‘किती किलोमीटर चालेल’. ओल्या रस्त्यावर पकड कशी आहे, हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. रबर कडक असेल तर टायर जास्त किलोमीटर देतो, पण ओल्यात पकड कमी पडू शकते. दोन्हींचा मेळ घालायला कंपन्या सिलिकासारखी द्रव्यं वापरतात, आणि स्वस्त टायर अनेकदा इथेच मागे पडतो. सरकारने २०२२ मध्ये नियम बदलून टायरचा रस्त्याशी होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान पातळ्या बंधनकारक केल्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध होणाऱ्या मानकांपैकी एआयएस-१४२ हे ते मानक. नव्या घडणीच्या टायरांना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीपासून बनणाऱ्या टायरांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. आयएसआय शिक्का त्याआधीपासूनच सक्तीचा आहे. तो नसलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

टायरची सगळी कुंडली त्याच्या भिंतीवर असते. १९५/५५ आर १६ ८७ व्ही असं लिहिलेलं असेल तर रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १६ इंची. ८७ हा वजनाचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५४५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. कंपनीने दिलेल्या वजनाच्या आणि वेगाच्या निर्देशांकापेक्षा खालचा टायर बसवू नये, भले तो रिमवर बरोबर बसत असेल. अपघातानंतर वकील पहिल्यांदा हेच आकडे जुळवून पाहील. आणि त्याच भिंतीवर एका लंबगोलात चार अंक असतात, ज्यांकडे कोणी पाहत नाही. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानातून नवा म्हणून घेतलेला टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असू शकतो, तो पाहून, विचारून घ्यावा.

वय झालेल्या टायरचा फटका कमी गाडी चालवणाऱ्यांना बसतो. निवृत्त मंडळींची मोटार सोसायटीत उभी असते, आठवड्यातून एकदा मंडईत जाते, वर्षातून एकदा देवदर्शनाला. आठ वर्षांनीही नक्षी जवळपास नव्यासारखी. पण रबर ऊन-वाऱ्याने कडक झालेलं, खाचांच्या मुळाशी आणि भिंतीवर बारीक भेगा पडलेल्या. आपल्या कायद्यात मोटारीच्या टायरला वयाची मर्यादा नाही. बहुतेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायला आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही परिस्थितीत बदलायला सांगतात. आपल्याकडचं ऊन पाहता मी दहाची वाट पाहा असं कोणालाही सांगणार नाही. हीच गोष्ट स्टेपनीची. ती डिकीत न वापरता म्हातारी होते, आणि तिची हवा शेवटची कधी पाहिली ते घरात कोणालाच आठवत नाही. अलीकडच्या काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते. टायर ट्यूबलेस असतील, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच गाडीत असेल, तर २०२० च्या ऑक्टोबरपासून ती नसली तरी चालते. स्टेपनी नसलेल्या गाडीच्या मालकाने तो संच कसा वापरायचा ते घरीच शिकून घ्यावं, रात्री दहा वाजता घाटात नव्हे.

ऋतूप्रमाणे टायर बदलायचे, हे आपल्याकडे ऐकायला परकं वाटतं. म्युनिक-स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेल्या मराठी घरांत ते वर्षाच्या ठरलेल्या कामांत मोडतं. तिथे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, बाकी उन्हाळी. हिवाळी टायरचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं, उन्हाळी टायरचं घट्ट होतं. जर्मन कायद्याने २०१० पासून तारखांऐवजी रस्त्याची अवस्था धरली आहे: रस्त्यावर बर्फ, हिम किंवा निसरडा थर असेल तर योग्य टायर हवेतच. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर चालतात, नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेले चालत नाहीत. ही अक्षरं आपल्याकडच्या काही एसयूव्हींच्या टायरांवरही असतात, ती पाहून मनालीच्या बर्फात कोणी निर्धास्त होऊ नये. मला त्या कायद्यातली दंडाची रक्कम महत्त्वाची वाटते. चुकीच्या टायरवर गाडी चालवणाऱ्याला ६० युरो आणि ती चालवू देणाऱ्या मालकाला ७५. चालकापेक्षा मालकाचा दंड मोठा.

विम्याबद्दल थोडक्यात. मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यातही नुसता टायर फुटला तर पैसे मिळत नाहीत, गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळतात. वेगळं टायर संरक्षण घेतलं असेल तर गोष्ट निराळी. त्याच करारात एक अट असते, जी सही करताना कोणी वाचत नाही: गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी मालकाने सगळी वाजवी काळजी घेतली पाहिजे. टायर झिजलेले होते असं सर्व्हेअरच्या फोटोत दिसलं, की दाव्याची वाट इथे अडू शकते.

कलम १९० मधला ‘चालवायला लावतो’ हा भाग मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. लग्नाच्या हंगामात, अष्टविनायकाला, शिर्डीला, गणपतीत कोकणात ज्या भाड्याच्या गाड्या धावतात, त्यांचे चालक गाडीचे मालक नसतात. टायर घासलाय हे त्यांना सर्वांत आधी कळतं. तो बदलायचा की नाही, हे मालक ठरवतो. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून दिल्या जातात, ज्या मोटारीच्या टायरवर कोरायच्याच नसतात. खाच दिसते, पण खाली रबर उरलेलं नसतं. अपघात झाला की स्टिअरिंगवर जो होता त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि ज्याने ‘एवढी ट्रिप मारून ये, मग बघू’ म्हटलं, तो पंचनाम्यात कुठे नसतो. पोलिसांनी कलम १९० लावताना मालकाचंही नाव लिहायला सुरुवात केली, तर टायर वेळेवर बदलतील. भाड्याची गाडी ठरवणाऱ्यानेही भाड्याची घासाघीस करण्याआधी दोन मिनिटं चारी चाकं पाहावीत आणि नको वाटली तर गाडी परत पाठवावी. त्यात कोणाचा अपमान नाही, चालक तर मनातून आभारच मानेल.

खासगी मोटारींचं काय करायचं, याचं एक उत्तर सध्याच्या व्यवस्थेतच आहे. पीयूसी केंद्रावर प्रत्येक गाडी ठरावीक मुदतीने येतेच, यंत्रासमोर काही मिनिटं उभी राहतेच. खाचांची खोली मोजायचं साधन स्वस्तात मिळतं आणि चार टायर मोजायला फार वेळ लागत नाही. परिवहन विभागाने पीयूसीच्या कागदावर चारी टायरांची खोली आणि त्यांचं उत्पादनाचं वर्ष नोंदवणं सक्तीचं केलं, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोटारीच्या टायरची नोंद वर्षभरात तयार होईल. १.६ च्या खाली असेल त्याला प्रमाणपत्र नाही, तीनच्या खाली असेल त्याला लेखी इशारा. मग अपघातानंतर मालकाला ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा उरणार नाही, आणि न्यायाधिकरणात बसलेल्या कुटुंबाला टायरची अवस्था सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षं साक्षीदार शोधत फिरावं लागणार नाही.